परसदारानं बाहेर पडणारी प्रथिनं

उंबरठा

बारावीच्या जीवशास्त्रापासून एमएस्सीपर्यंत एक चित्र आपला पिच्छा सोडत नाही. डावीकडं केंद्रक, त्याला लागून आंतर्द्रव्यजालिका, पुढं गॉल्जीच्या चपट्या पिशव्या, तिथून सुटलेले बारके फुगे आणि उजवीकडं पेशीपटल. सगळे बाण डावीकडून उजवीकडं. पेशीत तयार झालेलं प्रथिन बाहेर जाणार असेल तर याच वाटेनं, असं ते चित्र ठणकावून सांगतं. बहुतेक प्रथिनांच्या बाबतीत ते खरंही आहे. हा धागा उरलेल्यांसाठी.

आधी राजरस्ता थोडक्यात. जॉर्ज पॅलाडे आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाचे पातळ काप घेऊन त्यांना तीन मिनिटं किरणोत्सारी ल्युसीन (प्रथिनात गुंफलं जाणारं एक अमिनो आम्ल) दिलं, मग साधं ल्युसीन दिलं आणि ठरावीक वेळानं एकेक काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. किरणोत्साराचे ठिपके आधी जालिकेत दिसले, मग गॉल्जीजवळ, आणि दोनेक तासांत स्रावकणांत. १९७४ चं नोबेल. या रस्त्यावर शिरायला परवाना लागतो हे ग्युंटर ब्लोबेल यांनी दाखवलं: प्रथिनाच्या सुरुवातीच्या टोकाला साधारण १५ ते ३० अमिनो आम्लांचा एक संकेतक्रम असतो, तो दिसला की रायबोसोम जालिकेला जाऊन चिकटतो. १९९९ चं नोबेल. रँडी शेकमन यांनी यीस्टचे बिघडलेले वाण गोळा करून या वाहतुकीला लागणारी २३ जनुकं शोधली. त्यांना रॉथमन आणि स्यूडहॉफ यांच्यासोबत २०१३ चं नोबेल मिळालं. एकाच रस्त्यावर तीन नोबेल, तेव्हा रस्ता पक्का आहे यात शंका नाही.

घोळ झाला १९८४ साली. इंटरल्यूकिन-१ बीटाच्या जनुकाचा क्रम हाती आला. हे प्रथिन ताप आणतं, सांधे सुजवतं आणि काम करतं ते दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला चिकटून. म्हणजे ते पेशीबाहेर असायलाच हवं. आणि त्याच्या सुरुवातीला संकेतक्रमाचा पत्ताच नाही! ते बनतं पेशीद्रवात मोकळ्या फिरणाऱ्या रायबोसोमांवर, २६९ अमिनो आम्लांचं, ३१ किलोडाल्टनचं (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप). बाहेर सापडतं ते मात्र मागचा १५३ अमिनो आम्लांचा, १७ किलोडाल्टनचा तुकडा.

१९९० मध्ये इटलीतल्या अ‍ॅना रुबार्टेली, रोबेर्तो सितिया आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींवर सरळ प्रयोग केला. राजरस्ता औषधांनी बंद करायचा आणि काय होतं ते पाहायचं. नेहमीच्या रस्त्यानं जाणारी प्रथिनं अडकली. इंटरल्यूकिन-१ बीटा बाहेर पडतच राहिलं. जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा लावून घेतला तरी माणसं परसदारानं जात-येत राहावीत, तसं.

आता मला जे सांगायचंय ते. हा प्रकार बरेचदा ‘अपवाद’ म्हणून एका ओळीत उरकला जातो, जणू ही प्रथिनं परवाना काढायला विसरली. माझं म्हणणं उलट आहे. परवाना नसणं हाच त्यांच्या कामाचा भाग आहे. राजरस्ता म्हणजे नुसती वाहतूक नव्हे. वाटेत प्रथिनावर संस्कार होतात, साखरेच्या साखळ्या चढतात, गंधकाचे पूल बांधले जातात. काही प्रथिनांना ते मानवतच नाही.

इंटरल्यूकिन-१ बीटाचाच बाहेर पडणारा तुकडा जवळून बघा. सुरुवातीपासून सातव्या जागेवर अ‍ॅस्परजीन, आठव्यावर सिस्टीन, नवव्यावर थ्रिओनीन. जालिकेतल्या विकराला साखर चढवायला अगदी हवी तशी ही जागा आहे. पण माणसाच्या पेशीतून येणाऱ्या तुकड्यावर तिथं साखर नसते, कारण तो त्या खोलीत गेलेलाच नसतो. पुढं जैवतंत्रज्ञानवाल्यांनी या तुकड्याला मुद्दाम संकेतक्रम जोडून यीस्टकडून राजरस्त्यानं बाहेर काढून पाहिला. सातव्या जागेवर साखर चढली आणि प्रथिनाची ताकद घटली.

दुसरं कारण मला जास्त पटतं. इंटरल्यूकिन-१ बीटा ही धोक्याची घंटा आहे. राजरस्त्यावर टाकलं की प्रथिन तयार झाल्या झाल्या बाहेर निघणार. पेशीद्रवात अर्धवट अवस्थेत ठेवलं तर पेशीला थांबता येतं. पहिली खूण मिळाली, समजा जिवाणूच्या भिंतीचा तुकडा दिसला, की कच्चं प्रथिन बनवून ठेवायचं. दुसरी खूण मिळाली, म्हणजे खरंच काही बिघडलं, की कॅस्पेज-१ नावाची कात्री चालू करायची, मागचा तुकडा मोकळा करायचा आणि मगच बाहेर सोडायचा. ही कात्री चालू करणारा प्रथिनांचा गठ्ठा म्हणजे इन्फ्लमासोम. तो २००२ मध्ये युर्ग त्शोप यांच्या गटानं वर्णन केला.

बाहेर कसं सोडतात, हे प्रतिसादांत बोलू. लेख आधीच लांबलाय.

टवाळ बोका

पहिला नंबर माझा. कळलं किती ते विचारू नका. पण परसदार कुठंय ते न सांगताच लेख संपवलात, हे काही खरं नाही.

खडीसाखर

छान धागा. आमच्या अभ्यासक्रमात हे अर्ध्या पानात होतं.

एक भर घालते. इंटरल्यूकिन-१ चा ग्राही अडवून धरणारं एक भावंड प्रथिन शरीरात असतं, आयएल-१आरए. त्याच घराण्यातलं, घडणही तशीच. पण त्याच्या बाहेर जाणाऱ्या रूपाला व्यवस्थित संकेतक्रम आहे आणि ते राजरस्त्यानं जातं. म्हणजे घंटा मागून, आणि घंटा थांबवणारा पुढून. तुमच्या ‘परवाना नसणं हाच कामाचा भाग’ या मुद्द्याला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. याच भावंडाचं कारखान्यात बनवलेलं रूप म्हणजे अनाकिन्रा, २००१ पासून संधिवातासाठी वापरात आहे.

उंबरठा

साखरताई, हे मूळ लेखातच यायला हवं होतं, इतकं चपखल आहे.

बोकोबा, परसदार एक नाही, अनेक आहेत. हीच तर गंमत. इंटरल्यूकिन-१ बीटाचं सगळ्यात जास्त तपासलेलं दार म्हणजे गॅसडर्मिन-डी. २०१५ मध्ये बीजिंगच्या फेंग शाओ यांचा गट आणि जेनेनटेक कंपनीतला विश्व दीक्षित यांचा गट, दोघं स्वतंत्रपणे तिथं पोचले. जी कॅस्पेज-१ कात्री कच्च्या इंटरल्यूकिनला कापते तीच गॅसडर्मिनलाही कापते. कापलेला पुढचा अर्धा भाग पेशीपटलाच्या आतल्या बाजूला जाऊन चिकटतो, असे तीसेक तुकडे गोल फेर धरतात आणि पटलाला भोक पडतं. भोकाचा आतला व्यास वीसेक नॅनोमीटर. इंटरल्यूकिन-१ बीटा चार-पाच नॅनोमीटरचं, सहज जातं.

माल आणि दार दोन्ही एकाच कात्रीनं एकाच वेळी तयार होतात. आधी दार उघडलं आणि माल कच्चाच राहिला, असा प्रकार फारसा होत नाही.

सरळरेषा

क्षमस्व, पण मला हा सगळा प्रकार फुगवलेला वाटतो. पेशीला भोक पडलं, आतला माल बाहेर आला. याला स्राव म्हणायचं? मेलेल्या पेशीतून गळती होते त्यात नवल काय? गॅसडर्मिनमुळं होणाऱ्या प्रकाराला पायरॉप्टोसिस म्हणतात, आणि तो पेशीमृत्यूचा प्रकार आहे. मरताना सांडलेल्या गोष्टींना ‘मार्ग’ म्हणणं म्हणजे अपघाताला योजना म्हणणं.

पिपेटवाली

सरळरेषा, हा आक्षेप आमच्या लॅबमध्ये रोज घेतला जातो, आणि घ्यायलाच हवा. म्हणून सांगते प्रत्यक्षात कसं तपासतात.

मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, थाळीत वाढवायच्या. एलपीएस (जिवाणूच्या भिंतीतलं द्रव्य) घालून तीन-चार तास ठेवलं की कच्चं इंटरल्यूकिन भरपूर साठतं. मग सीरम नसलेलं माध्यम घालायचं, कारण सीरममधलं अल्ब्युमिन ब्लॉटवर (प्रथिनांच्या वजनानुसार पट्ट्या दाखवणाऱ्या चाचणीत) नुसता राडा करतं. मग नायजेरिसिन. त्यानं पेशीतलं पोटॅशियम बाहेर जातं आणि इन्फ्लमासोम चालू होतो. अर्ध्या-पाऊण तासात वरचं पाणी काढून घ्यायचं. त्याचे दोन भाग. एकातलं प्रथिन आम्लानं साकळून वेस्टर्न ब्लॉटवर चढवायचं: १७ किलोडाल्टनची पट्टी दिसली पाहिजे. दुसऱ्या भागात एलडीएच मोजायचं. एलडीएच हे पेशीद्रवातलं विकर, चार तुकड्यांचं, १४० किलोडाल्टनच्या आसपास. पटल पूर्ण फाटलं तरच ते बाहेर येतं. ९६ खाचांच्या थाळीत रसायन घातलं की जिथं एलडीएच असेल तिथं लाल रंग चढतो.

१७ ची पट्टी ठसठशीत आणि थाळी मात्र फिकी, असं दिसलं की समजायचं गळती नाही. दोन्ही एकदम आलं तर तुमचा आक्षेप बरोबर, प्रयोग पुन्हा. उशीर केला की थाळी लाल होतेच, कारण शेवटी पेशी मरतात. सगळा खेळ वेळेचा आहे.

सरळरेषा

पिपेटवाली, हे समजलं. पण मग १४० किलोडाल्टनचा गठ्ठा वीस नॅनोमीटरच्या भोकातून का जात नाही? माझ्या हिशेबानं जायला हवा.

उंबरठा

प्रश्न अगदी बरोबर जागी लागला. नुसत्या आकारावर भागत नाही. २०२१ मध्ये हाओ वू यांच्या गटानं गॅसडर्मिन-डीच्या भोकाची रचना क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीनं काढली. भोकाचा आतला मार्ग ऋणभारित आहे. कच्च्या इंटरल्यूकिन-१ बीटाचा पुढचा, कापून टाकायचा भाग आम्लधर्मी, म्हणजे तोही ऋणभारित. तो असेपर्यंत दार त्याला मागं ढकलतं. कापला गेला की राहिलेला तुकडा सहज पार होतो. म्हणजे भोक असलं तरी त्याला आवडनिवड आहे.

आणि पटलाचं शेवटचं फाटणं ही वेगळीच पायरी निघाली. त्यासाठी निंज-१ नावाचं दुसरंच प्रथिन लागतं, हेही २०२१ मध्येच कळलं. निंज-१ नसलेल्या उंदरांच्या मॅक्रोफेजमध्ये गॅसडर्मिनची भोकं पडतात, इंटरल्यूकिन बाहेर येतं, पण पेशी फुटून एलडीएच सांडत नाही. तुम्ही ज्याला सांडणं म्हणता आणि मी ज्याला सोडणं म्हणतो त्या दोन घटना जनुकांच्या पातळीवर वेगळ्या करता येतात. अपघाताला दोन वेगवेगळी यंत्रं कशाला लागतील? शिवाय भोकं पडलेला पटलाचा तुकडा फुग्यासारखा खुडून टाकून पेशी स्वतःची डागडुजीही करते. त्याला एस्कॉर्ट-३ ची प्रथिनं लागतात. काही पेशी त्यातून वाचतात.

सरळरेषा

निंज-१ चा मुद्दा मान्य. ‘मार्ग’ हा शब्द मात्र मी अजूनही जपूनच वापरेन.

आबा सातारकर

मी शास्त्राचा माणूस नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. तो इन्फ्लमासोम आणि सांधे सुजणं वगैरे म्हणताय, त्याचा युरिक अ‍ॅसिडशी काही संबंध? आमच्याकडं घरात दोघांना आहे. पायाच्या अंगठ्याचा सांधा असा काही लालेलाल होतो की अंगावरचं पांघरूण लागलं तरी ओरडतात. आणि दोन दिवसांपूर्वी काहीच नव्हतं, एका रात्रीत!

खडीसाखर

आबा, थेट संबंध आहे. यूरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक सांध्यात जमतात. ते तिथं महिनोन्महिने गुपचूप पडून असू शकतात. मॅक्रोफेज त्यांना गिळायला जातात आणि आत तोच, एनएलआरपी-३ या प्रथिनाभोवती बनलेला, इन्फ्लमासोम चालू होतो. २००६ मध्ये त्शोप यांच्याच गटानं हे दाखवलं. मग उंबरठा यांनी सांगितलेलं परसदार उघडतं, इंटरल्यूकिन-१ बीटा बाहेर, त्याच्या हाकेला न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि अंगठा लाल. ‘एका रात्रीत’ का, याचं उत्तरही त्यातच आहे. कच्चा माल तयार करायला थोडा वेळ लागतो, पण दार उघडायला काही मिनिटंच पुरतात.

गाउटच्या झटक्यात डॉक्टर जे कोल्चिसीन देतात ते त्याच प्रयोगात तपासलं होतं. पेशीत स्फटिक घातले तेव्हा कोल्चिसीननं इंटरल्यूकिन पिकणं (कच्चं कापून तयार होणं) थांबवलं. स्फटिकांऐवजी एटीपी या रेणूनं इन्फ्लमासोम चालू केला तेव्हा नाही. म्हणजे ते कात्रीला किंवा दाराला हात लावत नाही, त्याच्या आधीच, स्फटिक आत घेण्याच्या टप्प्यावर अडवतं.

आबा सातारकर

आभारी आहे. हे आमच्या डॉक्टरांनी कधी सांगितलं नाही, पण त्यांच्याकडं रांगच एवढी असते की त्यांचा तरी काय दोष.

रानजाई

अवांतर: कोल्चिसीन आपल्या कळलावीतही असतं. पावसाळ्यात सह्याद्रीत कुंपणांवर चढलेली, लाल-पिवळ्या पाकळ्या वर वळलेल्या, पानांच्या टोकांना वेलीसारखे आकडे. फार देखणं फूल. कंद मात्र जहरी, आणि औषधाचा डोस आणि विषाचा डोस यांत अंतर फार कमी. आबा, हे वाचून कुणी कंद उगाळायला जाऊ नये म्हणून लिहिते. गोळीच घ्यायची आणि तीही डॉक्टरांनी सांगितली तेवढीच.

खडीसाखर

रानजाई, शंभर टक्के. मूत्रपिंड अधू असेल तर गोळीलाही जपावं लागतं.

नेकारकाठ

इकडं हायडलबर्गला हाच विषय जेवणाच्या टेबलावर चालतो, म्हणून धागा बघून बरं वाटलं. पण सगळी चर्चा इंटरल्यूकिनवर अडकलीय. माझा लाडका एफजीएफ-२ राहिला. इथल्या व्हाल्टर निकेल यांच्या गटानं वर्षानुवर्षं त्याचाच पाठलाग केलाय.

एफजीएफ-२ हे रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन, १८ किलोडाल्टन, संकेतक्रम नाही. त्याला गॅसडर्मिन लागत नाही, फुगे लागत नाहीत, कात्री लागत नाही. ते स्वतःच पेशीपटल ओलांडतं. कसं, ते पायरीपायरीनं लिहितो, कारण यात मला सगळ्यात जास्त आनंद मिळतो.

पटलाच्या आतल्या बाजूला पीआयपी-२ नावाचं एक मेद असतं, फक्त आतल्याच बाजूला. त्याला एफजीएफ-२ चिकटतं. त्याआधी सोडियम-पोटॅशियम पंपाच्या आतल्या भागाशी त्याची गाठ पडते, आणि टेक नावाचं एक कायनेज त्याच्या एका टायरोसीनवर फॉस्फेट ठेवतं. चिकटलेले रेणू एकमेकांना सिस्टीनमधल्या गंधकाच्या पुलांनी बांधून घेतात आणि जुडगे बनतात. हे जुडगे पटलातच घुसतात, मेदांची रचना तिथल्या तिथं वाकते. आता बाहेरच्या बाजूला काय आहे? हेपारान सल्फेटच्या साखळ्या, मुख्यतः ग्लायपिकन-१ या पृष्ठभागावरच्या प्रथिनाला लागलेल्या. एफजीएफ-२ ची त्या साखळ्यांवरची पकड पीआयपी-२ वरच्या पकडीपेक्षा घट्ट. रेणूवर दोन्ही चिकटण्याच्या जागा एकमेकांत मिसळलेल्या आहेत, म्हणजे एकावेळी एकालाच धरता येतं. बाहेरची साखळी हात देते, आतलं मेद सुटतं. रेणू बाहेर. उलटा प्रवास नाही.

हे सगळं व्हायला, शेवटच्या ओलांडण्याच्या पायरीला, सेकंदाचा पाचवा भाग लागतो. एकेक रेणू चमकवून पटलाजवळच्या पातळ थरात पाहणारी सूक्ष्मदर्शी वापरून ते मोजलंय. आणि प्रथिन घडी न मोडता जातं. जालिकेत शिरणारी प्रथिनं सुतासारखी सरळ होऊन शिरतात, हे मात्र घडीसकट.

मृद्गंध

नेकारकाठ, शंका. बाहेर पडायला दाराऐवजी स्वतःच दार व्हायचं, इतका उपद्व्याप कशाला? राजरस्ता मोकळा होताच की.

नेकारकाठ

तोच प्रयोग झालाय! एफजीएफ-२ ला संकेतक्रम जोडून राजरस्त्यानं पाठवलं. गॉल्जीतून जाताना त्याच्यावर कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या साखळ्या चढल्या आणि बाहेर आल्यावर त्याला हेपारान सल्फेट नीट धरता येईना. म्हणजे काम करायचा हातच बांधला गेला. उंबरठा यांनी यीस्टचं उदाहरण दिलं त्याचाच दुसरा पुरावा. घडीसकट जाण्याचाही फायदा बघा: हेपारान सल्फेटची पकड घ्यायला रेणूची घडी नीट असावी लागते. घडी बिघडलेला रेणू बाहेर ओढलाच जात नाही. दर्जा तपासणी दारातच.

सोडियम-पोटॅशियम पंप अडवणारी औअबेनसारखी द्रव्यं एफजीएफ-२ चं बाहेर पडणं थांबवतात हे १९९० च्या दशकातच दिसलं होतं. तेव्हा पंपाचा इथं काय संबंध, हे कुणाला कळत नव्हतं.

टवाळ बोका

ह्या नेकारकाठांना आवरा, दोन प्रतिसादांत एक प्रबंध लिहिला. (वाचला मात्र पूर्ण.)

प्रश्न: यात आपलं कुणी आहे का? की सगळं हायडलबर्ग आणि हार्वर्डच?

पिपेटवाली

आहेत ना. उपाशी यीस्टची गोष्ट घ्या. एसीबी-१ नावाचं छोटं प्रथिन, संकेतक्रम नाही, यीस्टला नायट्रोजन मिळेनासा झाला की बाहेर पडतं. २०१० मध्ये दोन गटांनी ते दाखवलं. एक विवेक मल्होत्रा यांचा, बार्सिलोनातला. दुसरा सॅन डिएगोतला, त्यात पहिलं नाव रवी मंजिथाया यांचं. ते आता बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात आहेत आणि ऑटोफॅजीवर काम करतात.

दोन्ही शोधनिबंधांचा निष्कर्ष असा की यात ऑटोफॅजीची जनुकं लागतात. म्हणजे पेशी स्वतःचा कचरा गोळा करायला जी पिशवी वापरते, तिच्यातलीच सामग्री इथं माल बाहेर न्यायला वापरली जाते. आणि ग्रास्प नावाचं प्रथिन लागतं, जे मुळात गॉल्जीचं म्हणून ओळखलं जायचं. त्याआधी २००७ मध्ये मल्होत्रांच्याच गटानं डिक्टिओस्टेलियम या मातीतल्या अमीबासदृश जिवात ग्रास्पचा हा संबंध दाखवला होता. ग्रास्प काढून टाकलं की प्रथिन बाहेर पडत नाही आणि बीजाणू नीट बनत नाहीत. राजरस्त्यावरचा कामगार मागच्या दारीही हजेरी लावतो.

उंबरठा

ग्रास्पचं नाव निघालंच आहे तर सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचं सांगायला हवं. तिथं सीएफटीआर हे पटलातलं प्रथिन एका अमिनो आम्लाच्या, ५०८ क्रमांकाच्या फेनिलअ‍ॅलनीनच्या, अभावामुळं जालिकेतच अडकतं आणि मोडीत निघतं. सोलच्या योनसेई विद्यापीठातल्या गटानं २०११ मध्ये ग्रास्पचं प्रमाण वाढवून हे अडकलेलं प्रथिन गॉल्जीला वळसा घालून पटलापर्यंत पोचवलं, उंदरांतसुद्धा. इथं प्रथिनाला परवाना आहे, ते राजरस्त्यावर शिरलंही आहे, पण मधूनच आडवाटेला लागतं. त्यामुळं हा प्रकार वेगळा मोजतात. यातून औषध अजून आलेलं नाही. आज जी औषधं मिळतात ती प्रथिनाची घडी सुधारणारी आहेत, ती वेगळी कथा.

मृद्गंध

इतके प्रकार झाले की यादी करणार का कुणी?

उंबरठा

यादी केली की पाठ करायचा मोह होतो, म्हणून टाळत होतो. एका ओळीत: स्वतः पटल ओलांडणारे (एफजीएफ-२), एबीसी वाहक या पटलातल्या पंपांतून जाणारे (यीस्टचा ए-फॅक्टर, बारा अमिनो आम्लांचा, मेदाची शेपटी असलेला, स्टे-६ मधून), पिशव्यांतून जाणारे (एसीबी-१), आणि गॉल्जी चुकवणारे (सीएफटीआर). इंटरल्यूकिन-१ बीटा यातल्या एकाच खान्यात बसत नाही. माझं स्पष्ट मत: ही विभागणी शिकवायला सोयीची, विचार करायला नाही. ‘राजरस्ता नाही’ एवढ्याच गुणावर जमवलेली ही मंडळी आहेत, त्यांचं आपसात नातं असेलच असं नाही.

सरळरेषा

शेवटच्या वाक्याशी सहमत. धाग्यात पहिल्यांदाच.

पण ‘खान्यात बसत नाही’ म्हणजे काय? गॅसडर्मिन आहे ना?

पिपेटवाली

गॅसडर्मिनशिवायही थोडं इंटरल्यूकिन बाहेर येतं, हे कुणालाही प्रयोगात दिसतं. कमी आणि सावकाश. २०१५ मध्ये शेकमन यांच्या प्रयोगशाळेत मिन झांग, लियांग गे आणि इतरांनी दाखवलं की ते एका पिशवीच्या पटलातून पार होऊन आतल्या पोकळीत शिरतं, आणि ऑटोफॅजीच्या सामग्रीच्या मदतीनं बाहेर जातं. पुढं २०२० मध्ये गे यांच्या बीजिंगमधल्या गटानं त्यासाठीचं बोगद्यासारखं प्रथिन टीएमईडी-१० असल्याचं सांगितलं. जालिका आणि गॉल्जी यांच्यामधल्या कप्प्यावर ते बसतं. यात मालाची घडी थोडी उलगडावी लागते, एफजीएफ-२ च्या बरोबर उलट.

माझा अनुभव असा की पेशीवर मार मोठा असेल तर गॅसडर्मिनची वाट बाकी सगळ्यावर मात करते. मार हलका असेल तेव्हा ही दुसरी वाट दिसायला जागा मिळते. दोन्ही गटांचे लोक एकमेकांच्या प्रयोगातल्या पेशींवर बोट ठेवतात, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

खडीसाखर

दवाखान्याच्या बाजूनं एवढंच. दार कुठलंही असो, बाहेर आलेल्या इंटरल्यूकिन-१ बीटाला पकडणारी प्रतिपिंडं आहेत, उदाहरणार्थ कॅनाकिनुमॅब. एनएलआरपी-३ मधल्या जन्मजात दोषामुळं सतत ताप आणि पुरळ येणाऱ्या मुलांना त्यानं खरोखर नवं आयुष्य मिळतं. हृदयविकारात ते तपासणारी मोठी चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, दहा हजारांहून जास्त रुग्ण. १५० मिलिग्रॅमच्या मात्रेला पुढचे झटके साधारण १५ टक्क्यांनी कमी झाले. पण घंटाच दाबून धरली की खरा जंतू आल्यावर कोण ओरडणार? प्राणघातक संसर्ग वाढले होते. शिवाय किंमत. हृदयविकारासाठी ते वापरात आलं नाही.

नवखी

नमस्कार, मी एमएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, बरेच दिवस नुसती वाचत होते. माझ्या प्रकल्पात एक बुरशीचं प्रथिन आहे, संकेतक्रम नाही, पण माध्यमात सापडतंय. संकेतक्रम शोधणारं सिग्नलपी सॉफ्टवेअर नाही म्हणतं, संकेतक्रमाशिवाय बाहेर जाणारी प्रथिनं ओळखू पाहणारं सीक्रिटोमपी हो म्हणतं. गाइड म्हणतात लिहून टाक ‘अपारंपरिक स्राव’. एवढं पुरेसं आहे का? असा काही समान क्रम असतो का या प्रथिनांत?

पिपेटवाली

नवखी, सगळ्यांना लागू पडणारा समान क्रम सापडलेला नाही. एसीबी-१ आणि तसंच बाहेर पडणारं एसओडी-१ यांच्यात दोन आम्लधर्मी अमिनो आम्लांची एक शेजारी जोडी महत्त्वाची आहे असं मल्होत्रांच्या गटानं २०१७ मध्ये दाखवलं, पण ती खूण इतकी छोटी आहे की कुठल्याही प्रथिनात सापडेल.

सीक्रिटोमपीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेव. ते शिकवताना नेहमीच्या रस्त्यानं बाहेर जाणारी प्रथिनं घेतली होती आणि त्यांचा संकेतक्रम कापून टाकला होता. गृहीत असं की बाहेर राहणाऱ्या प्रथिनांची अंगलट सारखीच असणार, रस्ता कुठलाही असो. म्हणजे ते ‘हे बाहेर राहण्यासारखं दिसतं’ एवढंच सांगतं, कसं गेलं ते नाही. प्रबंधात आधार म्हणून लाव, पुरावा म्हणून नको.

बुरशी फुटून माध्यमात पेशीद्रव सांडतोय का, ते आधी बघ. पेशीद्रवातलं एखादं भरपूर असणारं प्रथिन त्याच माध्यमात शोध. ते नसेल तर राजरस्ता अडवून बघ. त्यासाठीचं औषध ब्रेफेल्डिन-ए प्रत्येक बुरशीत नीट शिरत नाही, म्हणून सोबत एखादं संकेतक्रमवालं प्रथिन ठेव आणि ते अडकतंय याची खात्री करून घे, नाहीतर औषध चाललं की नाही हेच कळणार नाही. एवढं झालं की गाइडना सांग, लिहिते म्हणून.

नवखी

मनापासून आभार. ब्रेफेल्डिन मागवायला अर्ज टाकते, आमच्याकडं यायला दोन महिने तरी लागतील.

टवाळ बोका

दोन महिन्यांनी हाच धागा वर काढ, निकाल टाक. सरळरेषा वाट बघतायत.